टिंबूच्या पाट्या

सोमवार, २ फेब्रुवारी

लेकीकडे आलो. पंधरा दिवसांसाठी. दोन शर्ट, दोन पायजमे, दाढीचं सामान आणि सवयीने ब्रशांची गुंडाळी, एवढंच आणलं आहे. लेकीने मात्र अख्खं कपाट रिकामं करून ठेवलंय. दोन शर्टांना सहा कप्पे. त्यांना तिथे करमायचं नाही.

कारण लिहून ठेवतो. नात सहा वर्षांची. स्वमग्न आहे, असं डॉक्टरांनी तिसऱ्या वर्षी सांगितलं. बोलत नाही. घरात तिला टिंबू म्हणतात, कारण दिसेल त्या वस्तूवर तर्जनीने टक्‌ करून एक टिंब देते आणि मगच पुढे जाते. दिवसा तिला सांभाळणाऱ्या बाई गेल्या महिन्यात सोडून गेल्या. लेक इस्पितळात रक्ततपासणीच्या खोलीत काम करते. जावई बस चालवतो, सकाळी लवकर जातो आणि दुपार कलल्यावर येतो. लेकीची रजा सगळी संपली, एक दिवससुद्धा उरलेला नाही.

गल्लीच्या टोकाच्या शाळेने एक सवलत दिली आहे. २३ मार्चपासून पाच दिवस, रोज दोन तास टिंबूला बसवून बघायचं. एका कामावरून दुसऱ्या कामावर ती कोणी न ओढता गेली, तर घेतील. नाहीतर नाही. नाही म्हणाले तर लेकीला नोकरी सोडून घरी बसावं लागेल, आणि टिंबूच्या जगात आम्ही तीन माणसं सोडून चौथं कोणी येणार नाही. हे लेकीने भाजी चिरता चिरता सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगतेय.

"पंधरा दिवसांत माझ्याच्याने काय होणार?" मी विचारलं.

"आलात ना, मग बघू," ती म्हणाली.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पंधरा दिवसांतून एका बुधवारी एक ताई येतात, टिंबूला शिकवायला. म्हणजे खरं तर आम्हाला. वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान, पण बोलतात मोजून. त्यांनी मला एक वही दिली. तीन रकाने आहेत. आधी काय घडलं, टिंबूने काय केलं, मग काय झालं. "मत लिहू नका आजोबा, दिसलं तेवढंच लिहा." मत लिहायची सोय नसेल तर माणसाने म्हातारं तरी कशाला व्हावं? म्हणून ही दुसरी वही. दुपारी टिंबू पाऊण तास खिडकीशी बसते, तेवढ्यात लिहितो.

पहिल्याच तासात ताईंनी माझी हजेरी घेतली. मी टिंबूला विचारत होतो, पाणी हवं का, बाळा पाणी हवं, देऊ का पाणी. ताई म्हणाल्या, "एकदाच विचारा आणि मनात दहा मोजा. तुमचं पहिलं वाक्य ती उलगडत असते, तोवर तुम्ही दुसरं टाकता. मग तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

हे मला आधी सांगायचं. आम्ही पेंटर लोक पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारत नाही. बेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कोणा उस्तादाकडे शिकलो नाही, जे शिकवलं ते रंगाने आणि गिऱ्हाइकांच्या शिव्यांनी.

दहा मोजले. आठव्याला तिने पेला उचलला.

आणखी दोन गोष्टी. एक, "माझ्याकडे बघ" म्हणायचं नाही. ऐकणं आणि चेहरा बघणं ही दोन्ही ओझी एकदम उचलणं तिला जड जातं. ती भिंतीकडे बघत असेल तेव्हा बहुधा ऐकतच असते. दोन, ती बनियन उलटं घालते ते वेड नाही. शिवण टोचते. बनियन उलटंच राहू द्यायचं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

ताईंनी छापील चित्रांचा गठ्ठा दिला होता. अंघोळ, जेवण, बूट वगैरे. सकाळी ती चित्रं ओळीने लावायची, म्हणजे दिवसात काय काय होणार ते टिंबूला आधी कळतं. अचानक काही अंगावर आलं की तिचा तोल जातो, हे मी चार दिवसांत पाहिलं. पण त्या चित्रांकडे ती ढुंकून बघत नाही. मी नीट पाहिलं तर अंघोळीच्या चित्रात हसणारं बदक आहे. आमच्या न्हाणीघरात बदक नाही. मग ती तरी काय ओळखणार?

प्लायवुडचे तळहाताएवढे तुकडे कापले, कडा घासल्या, प्रायमर दिलं आणि घरातल्याच वस्तू रंगवल्या. कान तुटलेली निळी बादली. तिचे तपकिरी बूट, डाव्याचा बंद तोकडा आहे तसा. बागेतला झोका, त्याची एक साखळी गंजलेली आणि एक नवी. वर भोक पाडून भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत टांगल्या. काम झालं की पाटी काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची, ठण्‌ आवाज होतो. म्हणजे झालं.

जावई कामावरून आला, रांग बघितली आणि म्हणाला, "बाबा, माझीही एक करा. वर भरलेलं ताट आणि खाली 'आत्ता'."

टिंबूने प्रत्येक पाटीला टिंब दिलं. गंजलेल्या साखळीला दोन.

बुधवार, ११ फेब्रुवारी

अंघोळ चार दिवस न रडता.

आज सकाळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. टिंबू आली, खिळ्यावरून झोक्याची पाटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. पाटीवर बोट ठेवून उभी राहिली.

लेक कामावर जायच्या घाईत होती. तिने नळ सोडला होता, तो तसाच वाहत राहिला. "तिने मागितलं," ती म्हणाली. "बाबा, तिने मागितलंय." मी म्हटलं, नळ बंद कर.

ताईंनी सांगितलं होतं की मूल असं पहिल्यांदा मागेल तेव्हा नंतर बघू म्हणायचं नाही, तिथल्या तिथे द्यायचं. मागितलं की मिळतं, हे आधी पक्कं व्हायला हवं. थांबायला नंतर शिकवता येतं. मी पायजम्यावरच तिला बागेत नेलं. गल्लीत दोघींनी बघितलं. बघू देत.

सोमवार, १६ फेब्रुवारी

पंधरा दिवस झाले म्हणून पिशवी भरायला घेतली. लेक म्हणाली, "एवढा आठवडा थांबा." थांबतो. घरी काही माझ्यावाचून म्हशीची धार काढायची राहिलेली नाही.

टिंबू तीन दिवस बाही चावते आणि स्वतःच्या गालावर मारून घेते. समोरच्या वहिनी दारातून म्हणाल्या, "लाड जास्त झाले की असं होतं हो आजोबा." मी तीन रकान्यांची वही काढून बसलो. आधीच्या रकान्यात पाच वेळा एकच गोष्ट, थंड पाणी. लेकीला म्हटलं, हिचा दात दुखतोय. टॉर्च लावून बघितलं तर मागची दाढ काळी. बोलता न येणाऱ्या पोराचं वागणं बिघडलं की आधी कान, दात, पोट बघावं, स्वभाव सगळ्यात शेवटी. हे मी मोठ्या अक्षरात लिहून लेकीच्या फ्रीजवर लावलं आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

ताई आल्या. पाट्या बघून खूश. दाताचं कळल्यावर म्हणाल्या, "दवाखान्याची पाटी करा. आधी दोनदा नुसतं दारापर्यंत नेऊन आणा. मग खुर्ची दाखवा. मग दात." हे सगळं ठीक आहे, पण डॉक्टरांनी वेळ उद्याचीच दिली आहे आणि पोर गाल बडवतेय. कुठे दोनदा नेऊन आणत बसू?

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दाढ काढली. काम फत्ते.

मी जरा डोकं चालवलं. दवाखान्याची पाटी लावली असती तर ती दारातच आडवी झाली असती. म्हणून बुटांच्या पुढे झोक्याची पाटी लावली. ती उड्या मारत निघाली. चौकात उजवीकडे बाग, डावीकडे दवाखाना. तिथे ती थांबली, उजवीकडे हात केला. मी म्हटलं, जाऊ जाऊ, आणि डावीकडे घेतलं. दवाखान्यात चौघांनी धरावं लागलं. डॉक्टरांचा हात हलका आहे, पाच मिनिटांत दाढ बशीत.

परत येताना तिला बागेत नेलं. शब्द मी मोडला नाही, फक्त क्रम पुढेमागे झाला. ती मात्र झोक्यावर बसली नाही. जबडा बधिर होता, त्यामुळे असेल.

तीन रकान्यांच्या वहीत आजचा पहिला रकाना राहून गेला. घाई होती.

शनिवार, २१ फेब्रुवारी

टिंबू पाट्यांकडे बघत नाही. आज सकाळी सगळ्या काढून न्हाणीघरातल्या बादलीत टाकल्या. वॉर्निशचा वास असणार. या मुलांना वासाचं फार असतं म्हणतात. सगळ्या घासून काढल्या, वॉर्निश उतरवलं, दिवसभर खिडकीत ठेवल्या.

सोमवार, २३ फेब्रुवारी

वासाचं नव्हतं. कदाचित चकाकी डोळ्यांत जात असेल. सगळ्या पाट्या जलरंगात पुन्हा केल्या, मंद रंगात. बादलीचा निळा तर इतका छान उतरलाय की माझ्या कामात असा निळा मी दोनदाच पाहिला. तिने बघितलंसुद्धा नाही. अंघोळीला ओढून न्यावं लागलं. माझ्या मनगटाला चावली. दात चांगले आहेत आता.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

खिळे उंच असतील म्हणून वीतभर खाली घेतले. भिंतीला भोकंच भोकं. जावई म्हणाला, "बाबा, आता एक पाटी भिंतीसाठी करा, 'काम चालू आहे'." मग हसला नाही. लेकीला म्हणाला, "ताईंना फोन कर." लेक म्हणाली केला होता, त्या बुधवारी येऊन वही बघतील. "बुधवारपर्यंत काय करायचं?" तो म्हणाला. "मला विचारू नकोस," ती म्हणाली. दोघं एकाच खोलीत होते, पण दोन बसथांब्यांवर उभे असल्यासारखे.

टिंबू आता बूट दिसले की खाली झोपते. बाहेर जायचं म्हटलं की दाराची चौकट दोन्ही हातांनी धरते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

टेबलावर लेकीच्या अक्षरातला कागद होता. 'माननीय महोदय, घरगुती कारणास्तव' एवढंच, पुढे कोरा. रजेचा अर्ज असावा. मी तिला म्हटलं, अक्षर अजून छान आहे तुझं, 'घ' मात्र जरा दमलेला वाटतो. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

बुधवार, ४ मार्च

ताई आल्या. पाट्या बघितल्या नाहीत, वही घेऊन बसल्या. पानं उलटत गेल्या आणि थांबल्या.

"आजोबा, एकोणीस तारखेचा 'आधी' रिकामा आहे."

"घाईत राहिला."

"बाकी एकही रिकामा नाही. तुम्ही कुकरची शिट्टीसुद्धा लिहिली आहे."

मी सांगितलं. झोका, चौक, डावीकडे. सांगताना मला वाटत होतं की त्या म्हणतील, बरं केलंत, दाढ तर निघाली. टिंबू खिडकीशी बसली होती, पाठ आमच्याकडे. ताईंनीच दहा मोजले असतील.

मग म्हणाल्या, "आपल्याला कोणी शब्दाने फसवलं तर आपल्याकडे आणखी शब्द असतात. भांडतो, विचारतो. तिच्याकडे तुमच्या नऊ पाट्या होत्या. त्यातली एक खोटी निघाली. कुठली पुढे खोटी निघेल, हे तिने कसं ओळखायचं?"

आमच्या भागात एक बेकरीवाला होता. दर दोन वर्षांनी माझ्याकडून 'ताजा ब्रेड' रंगवून घ्यायचा. ब्रेड कालचा असायचा. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, मीही तोच आणायचो. पाटी आपली, माल त्याचा, असं मी म्हणायचो. बेचाळीस वर्षांत पाटीवर काय लिहायचं यावर मी कधी कोणाशी वाद घातला नाही. वेलांटीवर घातला. गिऱ्हाईक पाटी वाचतं आणि आपलं आपण ठरवतं. टिंबू पाटी वाचते आणि चालायला लागते.

वॉर्निश, चकाकी, खिळे. चौदा दिवस मी भिंत भोसकत बसलो.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ टॉवेलच्या घड्या घालत राहिली. झालेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

"मीही तुम्हाला पंधरा दिवस म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"कपाट पहिल्या दिवशीच रिकामं केलं होतं ना. पंधरा दिवस म्हटलं नसतं तर आला असतात का तुम्ही?"

"नसतो आलो."

"मग काय करणार होते मी?"

मी म्हटलं, "आता किती दिवस, ते खरं सांग." ती म्हणाली, "माहीत नाही. बरेच." मी पिशवीतला दुसरा शर्ट काढून कपाटात ठेवला. त्या कागदाचंही तिने सांगितलं. तो रजेचा अर्ज नव्हता. शाळेचे पाच दिवस होईपर्यंत तो पर्समध्येच राहील, असं आमचं ठरलं.

शुक्रवार, ६ मार्च

ताईंनी सांगितलं तसं सुरू केलं आहे. पुढचं काही सांगायचंच नाही. जे आत्ता घडतंय त्याचीच पाटी. तिच्या हातात पेला आहे, तेव्हा पेल्याची पाटी पेल्याशेजारी धरायची. बस्स, काही म्हणायचं नाही, मागायचं नाही. दिवसाला चाळीस वेळा. समोरच्या वहिनींनी विचारलं, "आजोबा, हे काय, पेल्याला पेला दाखवताय?" मी म्हटलं, ओळख करून देतोय.

मंगळवार, १० मार्च

नखं कापण्याची पाटी केली. नखं कापणं तिला नको असतं. पाटीत कात्री आणि एकच बोट. पाटी दाखवली, ती किंचाळली, मी एकच नख कापलं, कात्री ठेवली, पाटी डब्यात ठण्‌. दुसरं नख कापायचा मोह झाला होता, बोट हातातच होतं. नाही कापलं.

गुरुवार, १२ मार्च

तिसरं नख. आज कात्री ठेवायच्या आधीच तिने पाटी माझ्या हातातून घेऊन डब्यात टाकली.

एक लक्षात आलं, ताईंना विचारायला हवं. गोड पाटीवर तिचा अजून विश्वास नाही. कडू पाटीवर बसतोय. नको असलेलं सांगितलं आणि तेवढंच केलं, हे तिने पहिल्यांदा धरलं.

शनिवार, १४ मार्च

दवाखान्याची पाटी केली. आतली दात काढायची हिरवी खुर्ची नाही, नुसत्या बाहेरच्या तीन पायऱ्या. तेवढंच करायचं होतं म्हणून तेवढंच रंगवलं. ती दारात आडवी झाली. मीही शेजारी फरशीवर बसलो. पंचवीस मिनिटं. फरशी थंड होती, उठताना जावयाने हात दिला. मग ती आपण होऊन उठली. चौकात डावीकडे वळलो. तिने खालच्या पायरीला टिंब दिलं, मी म्हटलं झालं, आणि आम्ही घरी आलो. आतून डॉक्टर हात हलवत होत्या. मी त्यांना खुणेने सांगितलं, आज नाही.

बुधवार, १८ मार्च

ताई आल्या. कडू-गोडाचं सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, पण तसं दाखवलं नाही.

आज झोक्याची पाटी लावली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

ती पाटीशी उभी राहिली, बराच वेळ. बूट घातले. चौकात आलो आणि ती थांबली. उजवीकडे हात केला नाही. माझ्या पायांकडे बघत होती, हे पाय कुठे वळतात ते. मीही थांबलो, हात पाठीमागे बांधले. एक सायकलवाला दोनदा घंटी वाजवून वळसा घालून गेला. मी दहा मोजले. मग आणखी दहा. ती उजवीकडे वळली, चार पावलं गेली, मागे बघितलं नाही. पण थांबली. मी गेलो.

झोक्यावर बसली. मी दिलेला झोका तिने थांबवला आणि पायांनी आपला आपण घेतला.

सोमवार, २३ मार्च

शाळा. वर्गातल्या खिळ्यांसाठी मी चार पाट्या नेल्या, आणि तो पत्र्याचा डबाही. ठोकळे, चित्र, मातीकाम, घर. वर्गातल्या बाई तरुण आहेत, घाबरलेल्या. मी व्हरांड्यात बाकावर. टिंबू ठोकळ्यांवरून चित्रावर गेली, चित्रावरून मातीवर. मातीत तिची टिंबं उमटतात, हे तिला आज कळलं. उठवेना, पण 'घर' दाखवल्यावर उठली.

मंगळवार, २४ मार्च

घंटा वाजली तेव्हा कान दाबून टेबलाखाली गेली. बाईंना सांगितलं, घंटेची पाटी उद्या आणतो. तोवर घंटेआधी दोन मिनिटं तिच्या कानावर कानटोपी चढवा. आजचा दिवस गेला.

गुरुवार, २६ मार्च

काल बरं, आज बरं. लेक रोज फोन करून विचारते, "काय?" मी सांगतो, "चार पाट्या." उद्या मुख्याध्यापिका स्वतः बघायला येणार आहेत. लेकीने अर्ध्या दिवसासाठी मैत्रिणीशी पाळी बदलली आहे.

शुक्रवार, २७ मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

टिंबू चित्राला बसली होती. मातीकामाची पाटी पुढच्या खिळ्यावर. वर्गातल्या बाई माझ्याकडे व्हरांड्यात आल्या. मातीच्या खोलीच्या शिक्षिका आजारी आहेत, खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे.

"आजोबा, पाटी असू द्या तशीच," त्या हळूच म्हणाल्या. "ती रमलीय. चित्र झालं की मी तिला मागच्या फुलांच्या वाफ्यापाशी नेते. माती ती मातीच. तिला कळायचंही नाही. मोठ्या बाई साडेदहाला येतायत, आजच्या दिवस कशाला?"

लेक शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली.

बाईंचं चूक होतं असं नाही. पोरीच्या भल्यासाठीच म्हणत होत्या. मीही त्या दिवशी भल्यासाठीच केलं होतं.

मी आत गेलो, मातीकामाची पाटी काढली, गुंडाळीतला ब्रश घेतला आणि तिच्यासमोर पाटीवर काळी फुली मारली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पिशवीतल्या कोऱ्या तुकड्यावर वाफा काढला, विटांच्या कडेसकट, आणि शेजारी टांगला. एकदाच म्हटलं, "आज मातीकाम नाही. वाफा आहे."

चौथ्या आकड्याला ती किंचाळली. कागद फाडला, खडू फेकले, जमिनीवर पडली आणि टाचा आपटायला लागली. बाकीची मुलं भिंतीला लागली. मी तिच्या डोक्याखाली माझी पिशवी सरकवली आणि दोन हात लांब बसलो. बोललो नाही, धरलं नाही. त्याच वेळी मुख्याध्यापिका दारात आल्या. लेक व्हरांड्यातून आत आली नाही. तिची पर्स तिने दोन्ही हातांनी धरली होती.

अकरा मिनिटं. मग टाचा थांबल्या. ती बसली, नाक बाहीला पुसलं. उठली. फुलीच्या पाटीजवळ गेली, ओल्या फुलीला टिंब दिलं, बोट काळं झालं ते बघितलं. पाटी काढून डब्यात टाकली. मग वाफ्याची पाटी हातात घेतली आणि दाराकडे निघाली. मुख्याध्यापिका दारात होत्या, त्या बाजूला झाल्या. वर्गातल्या बाई तिच्या मागे गेल्या.

मुख्याध्यापिका माझ्यासमोर लहान मुलांच्या खुर्चीवर बसल्या. "अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "मी घड्याळ बघत होते."

"मीही."

"तुम्ही सांगितलं नसतं तर ती रडली नसती."

"आज नसती रडली," मी म्हटलं.

त्या खिडकीतून वाफ्याकडे बघत राहिल्या. तिथे टिंबू उकिडवी बसली होती आणि मातीत एकेक टिंब देत रांगेने पुढे सरकत होती. कोणी धरलं नव्हतं.

"आपण होऊन उठली ती," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आमच्या वर्गातली निम्मी मुलं उठत नाहीत. सोमवारपासून येऊ दे. रोज तीन तास."

लेक व्हरांड्यातल्या बाकावर बसली. उभी राहून थकल्यासारखी, नुसती बसली.

मी विचारलं, "तीन नक्की ना?"

"म्हणजे?"

"पाटी रंगवायची आहे. नंतर बदलणार असेल तर आत्ताच सांगा."

लेकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मिळालेलं ताट मी लाथाडतोय. मुख्याध्यापिकांनी उठून भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं, एका चौकोनावर बोट ठेवलं, खालच्या चौकोनावर आणलं, पुन्हा वर नेलं.

"तिसऱ्या तासाला माझ्याकडे माणूस नाही," त्या म्हणाल्या. "होईल काहीतरी, असं वाटत होतं. दोन म्हणा. दोन नक्की."

"दोन," मी म्हटलं.

घरी येऊन सोमवारची रांग लावली. दोन तासांच्या पाट्या, मग घराची. पुढचा खिळा मोकळा राहिला होता. मोकळा खिळा दिसला की तिला वाटेल, अजून काहीतरी यायचं आहे. तो उपटून काढला आणि भोक बुजवून घेतलं.